आत्या गुडघे का टेकते

किताम्बा, मासाका
१२ जून २०११

लाडके प्रॉसी,

हे पत्र टॅक्सीवाल्या कावेसीच्या हाती देते आहे. फोन का केला नाही म्हणून कुरकुरू नकोस. मी फोनवर बोलायला लागले की अख्खं अंगण कान टवकारून बसतं, आणि तुझ्या लग्नाच्या गोष्टी माझ्याआधी बाजारात पोचतात.

तारीख ठरली. सतरा डिसेंबर, शनिवार. त्या दिवशी तुझ्या सेबुन्याकडची मंडळी आपल्या दारी येतील. मी मांडवात जाईन, दोनशे माणसांतून तुझा नवरा हुडकून काढीन आणि हात धरून सगळ्यांपुढे उभा करीन. हे काम बापाच्या बहिणीचं. माझा भाऊ गेल्यापासून तुझं सगळं मीच केलं, हेही मीच करणार.

आता कानउघाडणी. सेबुन्याचा काका ईस्टरला तुझ्या खोलीवर आला तेव्हा तू म्हणे उभ्या उभ्या जराशी वाकून "या, बसा" म्हणालीस! बाईनं गुडघे टेकून नमस्कार करायचा ही आपली रीत. चटई होती, गुडघे होते, मग काय धाड भरली होती? कंपालात नर्स झालीस म्हणून गुडघ्यांना गंज चढला का? माझ्याकडे बघ. साठी उलटली. परवा चर्चहून येताना मी फादरपुढे गुडघे टेकले, मास्तरांपुढे टेकले, केटीच्या सुनेपुढे टेकले (ती माझ्या नातीच्या वयाची!) आणि सायकली दुरुस्त करणाऱ्या मुसोकेपुढेही टेकले. आणि असं नाही की टेकले न टेकले आणि उठले. चांगली घटकाभर खाली बसून प्रत्येकाची पोरंबाळं, गुरंढोरं, केळीची बाग, सगळं विचारलं. फादर म्हणाले, "नाबोसा, तुझ्याएवढी नम्र बाई या परगण्यात नाही." हे सगळ्यांसमोर म्हणाले.

मला फार बरं वाटलं. तूही शिकून घे.

तुझी आत्या,
रेस्टेटुटा नाबोसा

*

कंपाला
२६ जून २०११

प्रिय आत्या,

कागदावरच दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. काकांच्या बाबतीत चुकलं, पुन्हा होणार नाही. त्या दिवशी बारा तास वॉर्डात उभी राहून आले होते, पण ते काही कारण नव्हे.

आता मी एक विचारते, रागावू नका. तुम्ही मुसोकेपुढे गुडघे टेकलेत? ज्याला गेल्या वर्षी खराटा घेऊन अंगणातून हाकललं होतंत, त्याच मुसोकेपुढे? आणि केटीच्या सुनेनं तुमच्यापुढे टेकायचे की तुम्ही तिच्यापुढे?

चर्चपासून आपलं घर लांब नाही. एवढ्या वाटेत चार वेळा खाली बसणं मला विचित्र वाटतं. चालताना पाय जड होतात का? पोटऱ्यांत मुंग्या येतात का? उभ्यानं किती वेळ काम करवतं? सायकल ढकलत, तिच्यावर रेलून चाललात तर जास्त चालवतं का? आणि खाली बसून पुढं वाकलं की लगेच बरं वाटतं का?

मी हाडांच्या वॉर्डात आहे. हे प्रश्न रोज विचारते. तुम्हाला विचारताना मात्र पेन जड झालं.

तुमची,
प्रॉस्कोव्हिया

*

किताम्बा
९ जुलै २०११

प्रॉसी,

मी भाचीला पत्र लिहिलं होतं, नर्सला नव्हतं. मला काहीही झालेलं नाही.

पाय जड होतात ते वयामुळं. तुझेही होतील, थांब. सायकल मी नेते ती केळीचे घड आणायला. घड नसले तरी नेते, सवय आहे. उभ्यानं मी काम करत नाही, कारण मातोकेची हिरवी केळी उभ्यानं सोलणारी शहाणी बाई मी अजून पाहिली नाही. आणि चटईवर बसलं की जिवाला बरं वाटतं, हो. सगळ्यांनाच वाटतं. त्यासाठीच देवानं चटई दिली.

माझ्यावर लक्ष ठेवण्यापेक्षा आपल्या गोमेसीचं कापड ठरव. सेबुन्याच्या आत्यांपुढे फिकट रंग नेसायचा नाही.

एक काम कर. येताना पट्ट्याच्या चपला आण, मागून टाचेला धरणाऱ्या. माझ्या डाव्या पायातली चप्पल निसटून रस्त्यातच राहते आणि मला पत्ताच लागत नाही. मागून येणारी पोरं आणून देतात. चप्पलच वाईट आहे.

आत्या

*

कंपाला
१९ ऑगस्ट २०११

प्रिय आत्या,

गुडघे टेकून नमस्कार, आणि आता मी भांडणार आहे.

चपलेचं वाचून मी त्याच रविवारी आले आणि तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही त्या यंत्रात रोझरी म्हणत गुमान पडून राहिलात. डॉक्टर ओकेलोंशीही तुम्ही इतक्या गोड बोललात की ते अजून तुमची आठवण काढतात. मग त्यांच्या तोंडून 'स्क्रू' हा शब्द ऐकलात, आणि दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना कावेसीच्या टॅक्सीत बसून पळालात! चहाचा कप तसाच भरलेला होता. ज्या आत्यानं मला पाहुण्यांचा निरोप कसा घ्यायचा ते शिकवलं, ती अशी गेली.

तर अर्धं ऐकून गेलात, उरलेलं वाचा. आपल्या पाठीच्या मणक्यांच्या मागं एक बोगदा असतो. त्यातून पायांकडे नसा जातात. तुमच्या कमरेत दोन ठिकाणी हाड आणि आतले बंध जाड होऊन तो बोगदा अरुंद झाला आहे. ताठ उभं राहिलं की तो आणखी आवळतो आणि नसा दाबल्या जातात. पुढं वाकलं की थोडा उघडतो. म्हणून सायकलवर रेलून तुम्हाला चालवतं. म्हणून गुडघ्यांवर बरं वाटतं. आत्या, दोन वर्षं झाली, अख्खं गाव तुमच्या दुखण्याला नम्रपणा म्हणतं आहे.

उपाय डॉक्टरांनी सांगितले ते असे. पाठीत इंजेक्शन देता येतं. त्यानं सूज उतरते, काही आठवडे बरे जातात, पण बोगदा होता तेवढाच राहतो. कुणाची दोन मणक्यांमधली गादी बाहेर येऊन नस दाबते, त्यांचा तेवढाच तुकडा काढतात. तुमची गादी बाहेर आलेली नाही. तुमच्यासारख्यांचं मागच्या बाजूनं वाढलेलं हाड आणि बंध काढून नसांना जागा मोकळी करतात. आणि ज्यांचे मणके एकमेकांवरून सरकत असतात त्यांचेच स्क्रू आणि सळ्या घालून जखडतात. तिथं मग पाठ वाकत नाही. हे स्क्रूचं बोलणं शेजारच्या खाटेवरच्या बाईंबद्दल चाललं होतं. तुमचे मणके जागच्या जागी आहेत. तुम्हाला फक्त जागा करायची आहे.

खोटं बोलणार नाही. पाय हलके होतील, चालवेल, अशी डॉक्टरांना चांगली आशा आहे. कमरेची जुनी कळ सगळी जाईल असं ते म्हणाले नाहीत. पण डावं पाऊल उचलत नाही हे त्यांना आवडलं नाही. नस फार दिवस दाबून राहिली तर मागाहून मोकळी करूनही पाऊल पूर्ववत होत नाही.

ऑपरेशनसाठी एकोणतीस सप्टेंबरला जागा आहे. नंतर बारा आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत.

लवकर कळवा.

प्रॉसी

*

किताम्बा
२८ ऑगस्ट २०११

प्रॉसी,

मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. बारा आठवडे बावीस डिसेंबरला संपतात. मांडव सतराला आहे. म्हणजे तुझ्या सासरच्या दोनशे माणसांपुढे माझ्या सगळ्या बहिणी आणि भाच्या गुडघे टेकून बसणार आणि मधोमध मी खांबासारखी उभी! ती मंडळी जेवण न करता उठून जातील आणि मी त्यांना दोष देणार नाही.

तुला माहीत आहे मी कोण आहे. या परगण्यातल्या चाळीस नवऱ्या मी सासरी धाडल्या. उठायचं कसं, बसायचं कसं, डोळे कुठं ठेवायचे, मी शिकवलं. त्या बायका आज मला म्हणतील, आत्याबाई, आम्हाला जे शिकवलंत ते तुम्हालाच जमेना?

आणि तू लिहिलेलं ते वाक्य मी दोनदा वाचलं. दुखण्याला नम्रपणा म्हणतं. मला नवरा नाही, पोर नाही. लोक माझ्याबद्दल एकच गोष्ट चांगली बोलतात. तीही तू त्या यंत्राच्या फोटोत दाखवून काढून घेतलीस. मला वाईट वाटलं, सांगून ठेवते.

जानेवारीत बघू.

आत्या

*

कंपाला
४ सप्टेंबर २०११

आत्या,

रडत लिहिते आहे, अक्षर वाईट आलं तर माफ करा.

मी ते वाक्य तसं लिहायला नको होतं. तुमचा नम्रपणा खोटा आहे असं मला म्हणायचं नव्हतं. वडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तुम्ही माझ्यापुढं गुडघे टेकून, माझ्या डोळ्यांच्या पातळीला येऊन सांगितलंत की आता तू माझी. तेव्हा तुमची पाठ दुखत नव्हती. ते मला ठाऊक आहे.

पण मांडवाचं दुसरं गणित तुम्ही केलंच नाहीत. आपल्या दारापासून पाहुण्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत साठेक पावलं आहेत. नवरा शोधायचा म्हणजे रांगांमधून फिरायचं, परत यायचं. तुम्हाला आज किती चालवतं? अर्ध्या वाटेत पाय जड झाले की तुम्ही तिथंच गुडघे टेकाल. दोनशे माणसं म्हणतील, वा, काय ही नम्रता! आणि आत नटून बसलेल्या मला एकटीला कळेल की बाहेर काय झालं. तो मांडव मला नको आहे.

तारीख पुढं ढकलू या. सेबुन्याशी मी बोलते, तो समजूतदार आहे. पण जानेवारी नको. पाऊल जानेवारीपर्यंत थांबणार नाही.

मला भीती वाटते. तुमच्याशिवाय मला मागं कुणी नाही.

प्रॉसी

*

किताम्बा
११ सप्टेंबर २०११

प्रॉसी,

तारीख पुढं ढकलायची नाही. ढकललेल्या लग्नाला लोक शंभर फाटे फोडतात.

काल चर्चहून आल्यावर अंगणात एक काठी दाराशी रोवली, एक फणसाखाली, आणि चालून पाहिलं. सत्तावीस पावलं झाली. मग फणसापर्यंत पोचायच्या आधीच खाली बसले. समोर कुणीच नव्हतं. एक कोंबडी होती. तिची विचारपूस करण्यात अर्थ नव्हता म्हणून नुसतीच बसून राहिले, आणि मला माझंच हसू आलं आणि मग रडू आलं.

डॉक्टरला सांग, येते. पण मांडवात मी काय करीन ते मी ठरवीन. वचन मागू नकोस.

चहा या वेळी पूर्ण पिऊन जाईन.

आत्या

*

कंपाला
१० डिसेंबर २०११

प्रिय आत्या,

गुडघे टेकून नमस्कार. (तुम्ही टेकू नका.)

कावेसी सांगतो, तुम्ही चर्चपर्यंत कुठंही न थांबता गेलात, आणि सायकल घरीच होती! मी वॉर्डात ओरडलेच, दोन पेशंट जागे झाले. चप्पल पायात राहते का ते मात्र तुम्ही कळवलं नाहीत. पाऊल उचलण्याचा व्यायाम चुकवू नका. गोमेसीच्या आत डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधाच.

आता शेवटचं. सतराला फक्त पाच दिवस कमी पडतात, एवढ्यानं काय होतंय, असं तुमच्या मनात येईल. मी तुम्हाला ओळखते. मी सेबुन्याच्या घरी आधीच सांगून ठेवू का? म्हणजे कुणी नावं ठेवणार नाही.

प्रॉसी

*

किताम्बा
१३ डिसेंबर २०११

खबरदार सांगितलंस तर! माझ्या पाठीची दवंडी माझ्या आधी तुझ्या सासरी पोचायला नको.

चप्पल राहते. दहातून एकदा निसटते, पण आता मला कळतं.

आत्या

*

किताम्बा
२१ डिसेंबर २०११

लाडके प्रॉसी,

आता तू सेबुन्याच्या घरची. तू आत होतीस, तुला बाहेरचं काही दिसलं नाही, आणि मला जेवण झाल्याबरोबर तुझ्या मावश्यांनी उचलून खाटेवर टाकलं. म्हणून लिहिते.

खरं सांगू? दारातून बाहेर पडेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. निम्मं मन म्हणत होतं, टेक आणि मोकळी हो, पाच दिवसांनी काय बिघडतं. मग माझ्या डोळ्यांपुढं तू आलीस, त्या रडक्या अक्षरासकट. आपल्या सगळ्या बायका एका झोकात खाली बसल्या. चौदा गोमेसी चटईवर पसरल्या आणि मधोमध मी उभी राहिले. प्रॉसी, सगळा मांडव गप्प झाला. मी दोन्ही हात गोमेसीच्या पट्ट्यात खोचले.

त्यांच्या बाजूनं बोलणारा तो जाडा गृहस्थ उठला. म्हणाला, "आमच्याकडून काही आगळीक घडली का? घरच्या आत्याबाई उभ्या दिसतात! दंड सांगा, बकरा द्यायला तयार आहोत." मी तीन दिवस भाषण पाठ केलं होतं. एक शब्द आठवेना. म्हणाले, "दादा, बकरा नको. माझ्या पाठीतलं हाड कापलंय. डॉक्टरनं बारा आठवडे वाकू नको म्हटलंय, आज त्याला पाच दिवस कमी आहेत. अपमान वाटला असेल तर गुरुवारी पुन्हा या, तुमच्यापुढं दिवसभर गुडघे टेकून बसते, पण जेवण तुमचं तुम्ही आणायचं."

आधी एक म्हातारा हसला. मग जे हसले, जे हसले! तो जाडा गृहस्थ म्हणाला, "गुरुवारपर्यंत आम्ही इथंच राहतो, वाढा!"

मग मी नवरा शोधायला निघाले. तिसऱ्या रांगेत एका धिप्पाड पाहुण्याच्या मागं लपवला होता त्याला. मी मुद्दाम आधी शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि परत आले. गरज नव्हती. मला चालायचं होतं. त्याचा हात धरून पुढं आणला तेव्हा तो कानात म्हणाला, "आत्या, हळू." मी म्हणाले, "तूच पाय उचल."

पुढचं ऐक. सेबुन्याची आत्या, नालुगवा. त्यांच्याकडे तिच्या नम्रपणाचं फार कौतुक, तू सांगितलं होतंस. ती माझ्यापुढे भेट घेऊन आली, गुडघे टेकले आणि उठेचना. बायका म्हणाल्या, बघा, काय वळण आहे. ती मान खाली घालून मला हळूच विचारते, "ताई, हे हाड कापणारा डॉक्टर कुठं बसतो?" मी म्हटलं, "का हो?" म्हणाली, "मलाही खाली बसलं की बरं वाटतं."

मी तिला काखेत धरून खुर्चीवर बसवली. तिला तुझ्याकडे पाठवते. तिला स्क्रूचं आधी सांगू नकोस. तिला लागतील की नाही ते डॉक्टर बघतील.

तुझी आत्या

*

कंपाला
८ जानेवारी २०१२

प्रिय आत्या,

गुडघे टेकून नमस्कार, आणि या वेळी सेबुन्याही शेजारी बसून "माझाही लिही" म्हणतो आहे.

आत बसून मला फक्त ती शांतता ऐकू आली होती. वाटलं, टेकले आत्यानं गुडघे, संपलं. माझ्या डोळ्यांतलं काजळ बिघडलं म्हणून मावशी ओरडल्या. मग हसू ऐकू आलं आणि त्यात तुमचा आवाज होता, वरून येणारा. मी तेव्हाच समजले की तुम्ही उभ्या आहात. माझ्या लग्नातली मला मिळालेली सगळ्यात मोठी भेट ती होती.

नालुगवा आत्यांना तपासलं. त्यांच्या गादीचाच तुकडा बाहेर आला आहे, डॉक्टर म्हणतात आधी औषध आणि व्यायाम, मग बघू. त्यांना हायसं वाटलं.

तुमचे बारा आठवडे केव्हाच संपले. डॉक्टर विचारतात, गुडघे टेकून पाहिलेत का?

प्रॉसी

*

किताम्बा
२२ जानेवारी २०१२

लाडके प्रॉसी,

टेकून पाहिले. बारा आठवडे संपले त्याच गुरुवारी उजाडताच, आधी एकटीनं. व्यवस्थित खाली गेले. कमरेत थोडी जुनी कळ आली, ती तुझ्या डॉक्टरनं सांगितलीच होती. पण नंतर काय झालं ते तुला सांगायलाच हवं. मला तिथं बसवेना! गुडघे दुखायला लागले, पायाला मुंग्या आल्या, चटई टोचायला लागली. दोन वर्षं मी खाली बसले की वर उठायच्या विचारानंच घाम फुटायचा. आता खाली गेले की कधी एकदा उठते असं होतं. म्हणजे इतर बायकांचं इतकी वर्षं असंच होत होतं तर!

आता मी सगळ्यांसारखी टेकते, "कसे आहात" म्हणते आणि उठून चालू लागते. चर्चहून घरी यायला पाव तास लागतो. मुसोकेला मी लांबूनच हात करते.

परिणाम व्हायचा तो झाला. केटीची सून बाजारात सांगत फिरते की भाची कंपालाच्या श्रीमंत घरी पडल्यापासून नाबोसाला गर्व चढला आहे, पूर्वीसारखी कुणाची विचारपूस करत नाही, टेकलं न टेकलं आणि निघाली. परवा फादरनीही मला थांबवून हळूच विचारलं, "नाबोसा, मनात काही राग आहे का?" मी म्हटलं, "नाही फादर, घाई आहे." आणि खरंच घाई होती, प्रॉसी. सकाळची वेळ होती, पुढं वाट मोकळी होती, आणि मला नुसतं चालायचं होतं.

लोकांना म्हणू दे. मी फार सुखात आहे.

तुझी गर्विष्ठ आत्या,
रेस्टेटुटा नाबोसा